एकाच वाक्याचे दोन निवाडे

(उपदेशक व मंडळ्यांच्या अभ्यासवर्गांसाठीं)



कायदा म्हणजे सरकारनें करून दप्तरांत ठेविलेली गोष्ट, आणि तिचा आपल्याशीं संबंध फौजदार दारीं आला म्हणजेच येतो, अशी आपल्या खेड्यापाड्यांतून पुष्कळांची समजूत आहे. ह्या समजुतीला धक्का देणारा एक इतिहास ह्या आठवड्याच्या अभ्यासासाठीं घेतला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कृष्णवर्णी लोकांना नागरिकत्वाचे हक्क कसे मिळाले, मिळालेले कसे गेले, आणि गेलेले पुन्हां कसे मिळवावे लागले, हें आपणांस पाहावयाचें आहे. ह्या कथेंत लढाया, मोर्चे व नामांकित पुढारी पुष्कळ आहेत. पण आज आपण कायद्याचीं कलमें व न्यायालयांचे निवाडे ही एकच वाट धरून जाऊं. शिकविणारांनीं फळ्यावर १८५७, १८६८, १८९६ व १९५४ हे चार आंकडे आधींच लिहून ठेवावे.

अमेरिकेंतील गुलामगिरी नुसत्या रूढीनें चालली नाहीं. एकेक कायदा करून ती उभी केली गेली. १६१९ सालीं व्हर्जिनिया वसाहतीच्या किनाऱ्यावर आफ्रिकेंतून धरून आणलेल्या कांहीं माणसांचा व्यवहार झाला, तेव्हां त्यांचा दर्जा काय हें कोणत्याही कायद्यांत लिहिलेलें नव्हतें. तें पुढें लिहिलें गेलें. १६६२ सालीं ठरलें कीं, मुलाचा दर्जा आईच्या दर्जाप्रमाणें. म्हणजे बाप गोरा मालक असला तरी दासीचें मूल दासच. त्यानंतर पांच वर्षांनीं, १६६७ सालीं, त्याच वसाहतीच्या कायदेमंडळानें जो कायदा केला तो आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ख्रिस्ती मनुष्याला गुलाम करूं नये अशी इंग्रज लोकांत एक जुनी समजूत होती, आणि बाप्तिस्मा घेतलेले दास त्या आधारें सुटका मागूं लागले होते. म्हणून कायदेमंडळानें जाहीर केलें कीं, बाप्तिस्म्यानें दासाच्या बंधनांत कांहीं एक फरक पडत नाहीं. ह्याचें कारण काय दिलें? तर मालकांच्या मनांतील ही शंका एकदां दूर झाली म्हणजे ते आपल्या दासांमध्यें ख्रिस्ती धर्माचा प्रसार अधिक आस्थेनें करतील! असला कायदा वाचून कोणाही पाळकाची मान खालीं गेल्याशिवाय राहणार नाहीं.

१७८७ सालीं देशाची राज्यघटना लिहिली गेली. तींत 'गुलाम' हा शब्द शोधूनही सापडत नाहीं. लिहिणारांना शब्दाची लाज वाटली असावी; वस्तूची वाटली नाहीं. कोणत्या राज्याचे किती प्रतिनिधी हें लोकसंख्येवरून ठरवावयाचें होतें, त्या मोजणींत पांच दास म्हणजे तीन माणसें असें धरलें गेलें. मताचा अधिकार त्यांतील एकालाही नव्हता. त्यांच्या डोक्यांचा लाभ मात्र त्यांच्या मालकांच्या राज्यांना मिळाला. पळून दुसऱ्या राज्यांत गेलेला दास मालकाच्या हवालीं करावा, हेंही घटनेंत आलें.

येथें आपल्या घरची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, त्याच बोर्डापुढें गुलामगिरीचा प्रश्न आला तेव्हां तिचा खणखणीत निषेध करण्यास बोर्ड कचरलें. त्यामुळें असंतुष्ट झालेल्या लोकांनीं १८४६ सालीं अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही निराळी संस्था काढली. पुढें मुक्त झालेल्या लोकांसाठीं दक्षिणेंत शाळा व कॉलेजें उघडण्यांत ह्याच संस्थेचा मोठा हात होता. आपल्या उपकारकर्त्यांचा इतिहासही सगळा एकरंगी नाहीं, हें आपण जाणून असावें.

आतां पहिला आंकडा, १८५७. ड्रेड स्कॉट नांवाच्या दासाचा मालक लष्करांत डॉक्टर होता. जेथें गुलामगिरीला बंदी होती अशा इलिनॉय राज्यांत व विस्कॉन्सिन प्रदेशांत त्यानें स्कॉटला नेऊन कांहीं वर्षें ठेविलें होतें. मुक्त भूमीवर राहिलेला मनुष्य मुक्त झाला, ह्या आधारावर ड्रेड व त्याची पत्नी हॅरिएट ह्यांनीं १८४६ सालीं सेंट लुई येथील कोर्टांत दावा लाविला. १८५० सालीं ज्यूरीनें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. १८५२ सालीं मिसूरी राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला. शेवटीं ६ मार्च १८५७ रोजीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं निवाडा दिला. मुख्य न्यायाधीश रॉजर टॉनी ह्यांनीं लिहिलें कीं, आफ्रिकी वंशाचा मनुष्य, दास असो वा मुक्त असो, ह्या देशाचा नागरिक होऊं शकत नाहीं, आणि म्हणून देशाच्या न्यायालयांत दावा आणण्याचाच त्याला अधिकार नाहीं. म्हणजे अकरा वर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्यावर उत्तर मिळालें कीं, तुझी फिर्याद ऐकून घेण्याजोगीच नव्हती. त्याच वर्षीं मे महिन्यांत एका नव्या मालकानें ह्या कुटुंबाला स्वखुशीनें मुक्त केलें, आणि पुढच्या वर्षीं ड्रेड स्कॉट क्षयानें वारला.

१८६१ ते १८६५ ह्या काळांत उत्तर व दक्षिण राज्यांत जें युद्ध झालें त्याचा वृत्तांत येथें देत नाहीं. त्याच्या शेवटीं घटनेंत तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीनें गुलामगिरी बंद झाली. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीनें वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई झाली. ह्या दोहोंच्या मधली १८६८ ची चवदावी दुरुस्ती हा आजच्या धड्याचा गाभा आहे. तिचा आशय असा: ह्या देशांत जन्मलेला व त्याच्या कायद्याच्या अंमलाखालीं असलेला मनुष्य ह्या देशाचा नागरिक आहे, आणि कोणत्याही राज्यानें आपल्या हद्दींतील कोणाही व्यक्तीला कायद्याचें समान संरक्षण नाकारूं नये. पहिल्या भागानें टॉनी ह्यांचा निवाडा पुसला गेला. दुसरा भाग फळ्यावर ठळक लिहावा, कारण पुढचें सारें भांडण त्याच वाक्यावर आहे. आपल्या भारताच्या घटनेंतही कायद्याच्या समान संरक्षणाचे हे शब्द त्या दुरुस्तीवरूनच आले. आणि योगायोग असा कीं, आपल्याकडेही तें कलम चवदावेंच आहे.

ह्या बातम्या पुण्यापर्यंत पोंचल्या होत्या. १८७३ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें दासांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. ते दिवस दक्षिणेंत खरोखर आशेचे होते. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीचे पाळक हायरम रेव्हल्स हे १८७० सालीं मिसिसिपी राज्याच्या वतीनें सिनेटांत आले. त्या सभागृहांत बसणारे ते पहिले कृष्णवर्णी गृहस्थ. सिनेटराला नऊ वर्षांचें नागरिकत्व लागतें, आणि टॉनी ह्यांच्या निवाड्याप्रमाणें हे तर १८६८ पर्यंत नागरिकच नव्हते, अशी हरकत कांहीं सभासदांनीं घेतली. मतें मोजलीं तेव्हां ४८ रेव्हल्स ह्यांच्या बाजूस व ८ विरुद्ध पडलीं.

मग ओहोटी लागली. १८७५ सालीं काँग्रेसनें (हें तिकडच्या कायदेमंडळाचें नांव आहे, आपल्याकडील पक्षाचें नव्हे) कायदा केला होता कीं, उतारशाळा, आगगाड्या व नाटकगृहें सर्व वर्णांच्या लोकांना सारखींच खुलीं असावीं. १८८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. न्यायालयाची युक्ति समजून घेण्यासारखी आहे. दुरुस्तींत 'कोणत्याही राज्यानें' असे शब्द आहेत. म्हणजे हें बंधन सरकारवर आहे, खासगी मालकावर नाहीं. त्यानें आपल्या दारांतून कोणाला हांकलून दिलें तर त्यांत राज्यानें कांहीं नाकारलें असें होत नाहीं. नऊ न्यायमूर्तींपैकीं एकट्या जॉन हार्लन ह्यांनीं विरुद्ध मत दिलें. आमच्या घटनेनें ही फट ठेविली नाहीं. तिच्या पंधराव्या कलमांत दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तलाव व स्नानाचे घाट ह्यांचीं नांवें घेऊन जातिभेदाची अडवणूक बंद केली आहे, आणि सतराव्या कलमानें अस्पृश्यताच नाहींशी केली आहे. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ पर्यंत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत होते, व तेथील कृष्णवर्णी लोकांच्या प्रश्नाचा त्यांचा अभ्यास होता.

तिसरा आंकडा १८९६. लुइझियाना राज्यानें १८९० सालीं आगगाडींत गोऱ्यांचा डबा निराळा व काळ्यांचा निराळा असा कायदा केला. न्यू ऑर्लिन्स शहरांतील कांहीं कृष्णवर्णी नागरिकांनीं समिति नेमून त्याला कोर्टांत आव्हान देण्याचें ठरविलें. होमर प्लेसी हा जोडे करणारा कारागीर पुढें झाला. त्याच्या पूर्वजांचा आठांतला एकच हिस्सा आफ्रिकी होता. नुसत्या दर्शनानें तो काळा म्हणून ओळखूंही आला नसता. ७ जून १८९२ रोजीं पहिल्या वर्गाचें तिकीट काढून तो गोऱ्यांच्या डब्यांत बसला, व त्याला अटक झाली. ही अटक समितीनें आधींच योजून ठेविली होती, कारण अटकेवांचून खटला नाहीं आणि खटल्यावांचून निवाडा नाहीं. रेल्वे कंपनीलाही जादा डब्याचा खर्च नको होता, म्हणून तिचाही आंतून विरोध नव्हता. परंतु १८ मे १८९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध एक मतानें निकाल दिला कीं, सोय सारखी असेल तर निराळें बसविण्यानें समान संरक्षणाचा भंग होत नाहीं. त्यांत कमीपणा वाटत असेल तर तो काळ्या लोकांनीं आपल्या मनानें लावून घेतलेला अर्थ आहे. हें वाक्य वाचतांना आपणांपैकीं ज्यांनीं गांवच्या विहिरीवर दुरून ओंजळींत पाणी घेतलें आहे, त्यांना दुसऱ्या स्पष्टीकरणाची गरज नाहीं. विरुद्ध मत पुन्हां हार्लन ह्यांचेंच होतें. ते केंटकीच्या गुलाम बाळगणाऱ्या घराण्यांत वाढलेले होते. घटनेला रंग दिसत नाहीं व ती नागरिकांत जाती जाणत नाहीं, अशा आशयाचें त्यांनीं लिहिलें. प्लेसीनें २५ डॉलर दंड भरला. लुइझियानाच्या गव्हर्नरांनीं त्याला त्या गुन्ह्याची माफी दिली, ती २०२२ च्या जानेवारींत.

ह्या निवाड्याच्या आधारावर दक्षिणेंत शाळा, दवाखाने, पाण्याचे नळ, बांकें, अगदीं स्मशानभूमिही विभागल्या गेल्या. सोय निराळी झाली; सारखी झाली नाहीं. मताधिकारही गेला, पण त्याची रीत अधिक धूर्त होती. पंधराव्या दुरुस्तीमुळें 'काळ्यांना मत नाहीं' असें लिहितां येईना. म्हणून मिसिसिपीनें १८९० सालीं मतासाठीं दोन डॉलर पट्टी व घटनेच्या कलमाचा अर्थ सांगण्याची परीक्षा ठेविली. परीक्षक गोरा असे, आणि अर्थ बरोबर कीं चूक हें त्याच्या मर्जीवर. लुइझियानानें १८९८ सालीं युक्ति काढली कीं, ज्याचा बाप अथवा आजा १ जानेवारी १८६७ रोजीं मतदार होता त्याला परीक्षा माफ. तेव्हां काळ्यांचे आजे दास होते किंवा मताधिकारावांचून होते, हें सांगावयास नको. त्या राज्यांत १८९६ सालीं सुमारें १,३०,००० कृष्णवर्णी मतदार नोंदलेले होते; १९०४ सालीं ते सुमारें १,३०० राहिले. घटनेंतील एक अक्षरही बदललें नव्हतें.

तोच शब्द, तीच घटना. मग सुटका कशी व्हावी? हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा-शाळेचे प्रमुख चार्ल्स ह्यूस्टन ह्यांनीं ह्याचें उत्तर शोधलें. 'निराळें पण सारखें' हा निवाडा एकदम फिरणार नाहीं, तेव्हां आधीं त्यांतील 'सारखें' हाच शब्द धरून बसावें, असा त्यांचा बेत होता. १९०९ सालीं स्थापन झालेल्या एन्. ए. ए. सी. पी. ह्या संस्थेच्या वतीनें ते व त्यांचे शिष्य थर्गूड मार्शल उच्च शिक्षणाचे दावे एकामागून एक आणूं लागले. त्यांतील एक दावा सांगण्यासारखा आहे. जॉर्ज मॅकलॉरिन हे वयस्क शिक्षक ओक्लाहोमा विद्यापीठांत शिकूं पाहत होते. १९४८ सालीं कोर्टाच्या हुकमानें त्यांना प्रवेश मिळाला. पण वर्गाला लागून असलेल्या बाजूच्या जागेंत त्यांना एकटें बसविण्यांत आलें, ग्रंथालयांत त्यांचें टेबल निराळें, भोजनगृहांत निराळें. शाळेच्या पडवींत बसून शिकलेलीं माणसें अजून आमच्या मंडळ्यांत आहेत. त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. १९५० सालीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें म्हटलें कीं, असें वेगळें बसवून दिलेलें शिक्षण तें समान शिक्षण नव्हे.

आतां आपण साउथ कॅरोलायना राज्यांतील क्लॅरेंडन तालुक्यांत जाऊं. तेथें थोडें थांबावयाचें आहे, कारण हा शेतकऱ्यांचा मुलूख, आणि तेथील पुढारी एका खेडेमंडळीचा पाळक व शाळामास्तर होता. त्यांचें नांव जोसेफ डिलेन. त्या तालुक्यांत गोऱ्या मुलांना शाळेंत नेण्यासाठीं ३० मोटारगाड्या होत्या; काळ्या मुलांना एकही नव्हती, आणि कित्येक मुलें रोज अनेक मैल पायीं जात. आईबापांनीं वर्गणी करून एक जुनी गाडी विकत घेतली. ती सारखी बिघडे. निदान पेट्रोलचा खर्च तरी द्यावा, अशी त्यांनीं विनंती केली. तालुक्याच्या शाळाखात्याचा मुख्य अधिकारी स्वतः एक गोरा पाळक होता. त्याच्याकडून उत्तर आलें कीं, काळे लोक कर पुरेसा भरीत नाहींत. १९४९-५० सालीं तेथें दर गोऱ्या मुलामागें १७९ डॉलर खर्च होत, व दर काळ्या मुलामागें ४३.

लेव्ही पिअर्सन ह्या शेतकऱ्यानें गाडीसाठीं पहिला दावा लाविला. त्याची जमीन दोन शाळाविभागांच्या शिवेवर होती. कर दुसऱ्या विभागांत जातो ह्या कारणावरून दावा निकालांत निघाला, आणि तिकडे सावकारांनीं व दुकानदारांनीं त्याची उधारी बंद केली. तरी १९४९ च्या नोव्हेंबरांत शंभरांवर आईबापांनीं व मुलांनीं नव्या अर्जावर सह्या केल्या. पहिलें नांव हॅरी ब्रिग्ज ह्याचें होतें. तो नौदलांत नोकरी करून आलेला, व पेट्रोलपंपावर कामास होता. नाताळच्या आदल्या दिवशीं त्याला कामावरून काढलें. त्याची पत्नी एलायझा एका उतारशाळेंत मोलकरीण होती. नांव मागें घे, असें तिला सांगण्यांत आलें. तिनें तें घेतलें नाहीं, व तिचीही नोकरी गेली.

हा दावा चार्ल्स्टन येथील न्यायमूर्ति वेटीज वेरिंग ह्यांच्यापुढें आला, तेव्हां त्यांनीं मार्शल ह्यांना सुचविलें कीं, गाडी व इमारत मागण्यापेक्षां वेगळेपणालाच आव्हान द्या. तीन न्यायमूर्तींपुढें सुनावणी झाली त्या दिवशीं, २८ मे १९५१ रोजीं, क्लॅरेंडनचे शेतकरी पहांटेपासून कोर्टाच्या जिन्यावर व ओसरींत उभे होते. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क ह्यांनीं साक्ष दिली. त्यांनीं तेथील काळ्या मुलांपुढें एक गोरी व एक काळी बाहुली ठेवून विचारलें होतें कीं, ह्यांतील चांगली कोणती. बहुतेक मुलांनीं गोरीकडे बोट दाखविलें. निकाल दोन विरुद्ध एक मतानें विरुद्ध गेला. वेरिंग ह्यांनीं आपल्या विरुद्ध मतांत लिहिलें कीं, वेगळें ठेवणें हीच विषमता होय. ते दक्षिणेच्या जुन्या घराण्यांतले. शहरानें त्यांना वाळींत टाकलें, आणि पुढच्याच वर्षीं ते न्यायासनावरून निवृत्त होऊन न्यूयॉर्कला राहावयास गेले.

अपिलांत ह्या दाव्याबरोबर कॅन्सस, व्हर्जिनिया व डेलावेअर येथील दावे जोडले गेले, व कॅन्ससमधील वादी ऑलिव्हर ब्राउन ह्यांच्या नांवानें सर्व मिळून ओळखले जाऊं लागले. १७ मे १९५४ रोजीं मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन ह्यांनीं नऊही न्यायमूर्तींच्या एकमतानें निवाडा वाचला. सरकारी शाळांत वर्णावरून मुलें वेगळीं करणें हें समान संरक्षणाच्या विरुद्ध आहे. वेगळेपणांतच विषमता आहे. फळ्यावरील वाक्याकडे पुन्हां पाहा. १८९६ सालीं ज्या शब्दांतून 'वेगळें चालेल' असें निघालें, त्याच शब्दांतून १९५४ सालीं 'वेगळें चालणार नाहीं' असें निघालें. शब्दांचें स्वतःचें बळ किती असतें, व ते वाचावयास लावणाऱ्या माणसांचें किती, ह्यावर वर्गांत चर्चा व्हावी.

डिलेन ह्यांचें काय झालें, हेंही सांगितलें पाहिजे. १९५१ सालीं त्यांचें घर जळालें. आग विझविणारे आले होते, पण घर शहराच्या हद्दीबाहेर आहे म्हणून पाहत उभे राहिले. १९५५ सालीं त्यांचें उपासनामंदिर जाळलें गेलें. मग रात्रीं घरावर गोळ्या आल्या, त्यांनीं उलट गोळी झाडली, व त्याच रात्रीं त्यांना राज्य सोडावें लागलें. त्यांच्यावर पकडवॉरंट निघालें. १९७४ सालीं ते परमुलुखींच वारले. वॉरंट २००० सालीं मागें घेतलें गेलें.

निवाडा झाला म्हणून शाळांचीं दारें उघडलीं असें मात्र झालें नाहीं. १९५५ सालीं न्यायालयानें अंमलबजावणीचा हुकूम दिला, त्यांत मुदत घातली नाहीं; सावधपणें पण त्वरेनें करा, अशा अर्थाचें कांहींसें लिहिलें. दक्षिणेनें त्यांतील सावधपणा तेवढा उचलला. १९५७ सालीं लिटल रॉक येथें नऊ मुलांना शाळेंत पोंचविण्यासाठीं राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांना फौज पाठवावी लागली. व्हर्जिनियांतील प्रिन्स एडवर्ड तालुक्यानें तर काळ्या मुलांबरोबर बसण्यापेक्षां १९५९ पासून १९६४ पर्यंत सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेविल्या. निवाड्याला दहा वर्षें होत आलीं तेव्हां दक्षिणेंतील अकरा राज्यांत शंभर काळ्या मुलांपैकीं सुमारें एकच मूल गोऱ्या मुलांबरोबर शिकत होतें.

मॉन्टगोमेरी शहरांतील बसगाड्यांवरील बहिष्काराची कथा आपल्या वाचकांना माहीत असेल. १ डिसेंबर १९५५ रोजीं रोझा पार्क्स ह्यांना अटक झाली. तरुण पाळक मार्टिन ल्यूथर किंग ह्यांना पुढारी करून लोक ३८१ दिवस पायीं चालले. पण त्या चालण्याच्या बरोबरीनें एक दावाही चालला होता, हें पुष्कळदां सांगितलें जात नाहीं. चार स्त्रिया वादी होत्या. त्यांतील क्लॉडेट कॉल्विन हिला पार्क्स ह्यांच्या नऊ महिने आधीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, अशीच अटक झाली होती. सर्वोच्च न्यायालयानें १९५६ च्या नोव्हेंबरांत त्यांचा जय कायम केला, तेव्हां बसगाड्यांतील वेगळेपण संपलें.

खाणावळीचें दार मात्र १८८३ पासून बंदच होतें. तें १९६४ सालीं काँग्रेसनें दुसऱ्या बाजूनें उघडलें. चवदाव्या दुरुस्तीवर सारी भिस्त न ठेवतां तिनें घटनेंतील व्यापाराच्या कलमाचा आधार घेतला, कारण राज्याराज्यांतील व्यापाराचें नियमन करण्याचा तिला अधिकार आहे. बर्मिंगहॅममधील एक खाणावळवाला कोर्टांत गेला. माझें गिऱ्हाईक गांवचें, माझा परराज्यांतील व्यापाराशीं संबंध काय, असें त्याचें म्हणणें. तो वर्षाला सुमारें दीड लाख डॉलरांचें सामान घेई, त्यांतील जवळजवळ ७०,००० डॉलरांचें मांस परराज्यांतून आलेलें असे. न्यायालयानें एकमतानें ठरविलें कीं, एवढा संबंध पुरे. माणसाला माणूस म्हणून आंत घ्यावें हें मांसाच्या हिशेबावरून सिद्ध करावें लागलें, ह्याचें हंसूं येतें. पण कायद्याच्या वाटा अशाच असतात, आणि दार उघडलें हें खरें.

राहिला मताधिकार. १९६५ च्या मार्चांत सेल्मा येथील पुलावर शांतपणें चालणाऱ्या लोकांना पोलिसांनीं झोडपलें. ६ ऑगस्ट रोजीं मताधिकाराच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांची सही झाली. (त्याच वर्षीं परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदाही बदलला, देशांवरून ठरविलेला जुना वांटा गेला, आणि आज जीं मराठी कुटुंबें अमेरिकेंत वसलीं आहेत त्यांतील बहुतेकांची वाट तेव्हां मोकळी झाली.) मताधिकाराच्या कायद्याचें मर्म असें होतें: ज्या राज्यांचा पूर्वेतिहास वाईट, त्यांनीं निवडणुकीच्या नियमांत कांहींही बदल करण्याआधीं वॉशिंग्टनची मंजुरी घ्यावी. पूर्वीं एक लबाडी कोर्टांत हाणून पाडावी तों दुसरी निघे. आतां नियम निर्दोष आहे हें राज्यालाच आधीं दाखवावें लागे. मिसिसिपींत १९६५ च्या आरंभीं शंभर कृष्णवर्णी प्रौढांपैकीं सात देखील मतदार नव्हते. १९६७ सालीं सुमारें साठ होते.

२००६ सालीं काँग्रेसनें ह्या तरतुदीची मुदत आणखी २५ वर्षांनीं वाढविली. परंतु २५ जून २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, कोणत्या राज्यांना हें बंधन लागू हें ज्या सूत्रानें ठरतें तें सूत्र जुन्या परिस्थितीचें आहे, म्हणून रद्द. मंजुरीचें कलम पुस्तकांत राहिलें, पण लागू करावयास राज्यच उरलें नाहीं. न्यायमूर्ति रूथ गिन्सबर्ग ह्यांनीं विरुद्ध मतांत लिहिलें कीं, पावसांत आपण भिजत नाहीं म्हणून छत्री फेंकून देण्यासारखें हें आहे. त्याच दिवशीं टेक्सास राज्यानें जाहीर केलें कीं, मंजुरीअभावीं अडलेला ओळखपत्राचा आपला कायदा आतां अंमलांत येईल. नवें सूत्र घालून देणारें विधेयक २०२१ सालीं प्रतिनिधींच्या सभागृहांत मंजूर झालें, आणि सिनेटांत अडलें.